भाजलेल्या कणसाचे मेक्सिकन पास्ता सॅलड, सोलापूरच्या स्वयंपाकघरात

लिंबाची अर्धी फोड तिखट-मिठात बुडवून गरम कणसावर दाबून फिरवली की जो बारीक चरचर आवाज होतो, तो पावसाळ्यात कंबर तलावाकडे फिरायला जाणाऱ्या सोलापूरकराला वेगळा सांगावा लागत नाही. मेक्सिकोतही कणीस रस्त्यावर उभ्यानेच खाल्ले जाते आणि त्यावर लिंबू, मीठ आणि तिखट हेच असते. फक्त त्याआधी कणसाला मेयोनीज किंवा ‘क्रेमा’ नावाची आंबटसर साय चोपडतात आणि वरून ‘कोतिहा’ हे खारट, भुरभुरीत चीज पेरतात. काडीला टोचून दिलेल्या अशा कणसाला तिकडे ‘एलोते’ म्हणतात, आणि दाणे काढून पेल्यात घालून चमच्याने खायला दिले तर ‘एस्कीतेस’. दोन्ही नावे नाहुआत्ल या तिथल्या जुन्या भाषेतून आलेली आहेत, आणि मका तर मूळचा तिथलाच: सुमारे ९,००० वर्षांपूर्वी दक्षिण मेक्सिकोत ‘तेओसिन्ते’ नावाच्या रानगवतापासून माणसाने तो घडवला.

याच चवीवर बेतलेले पास्ता सॅलड मात्र मुख्यतः अमेरिकेतल्या घरांमधून रूढ झाले. मेक्सिकोतही मॅकरोनीचे थंड सॅलड घरोघरी होते. त्याला ‘एन्सालादा दे कोदीतोस’ म्हणतात. पण भाजलेले कणीस, लिंबू, तिखट आणि पास्ता यांचा जो मेळ आपण येथे करणार आहोत तो पलीकडच्या देशातल्या सहभोजनांचा आहे. त्यामुळे ते ‘अस्सल’ करण्याचे दडपण नवशिक्याने घेण्याचे कारण नाही. कणसाची चव सांभाळली की बाकीच्या गोष्टी आपल्या मंडईतून आणि फळीवरच्या डब्यांतून भागवता येतात.

पहिल्यांदा मी हे सॅलड घरच्या भिशीसाठी केले, तेव्हा दाणे कुकरमध्ये उकडले, गरम पास्त्यावर सगळे मेयोनीज एकदम ओतले आणि पातेले झाकून ठेवून दिले. दोन तासांनी झाकण काढले तर पास्त्याचा गोळा झाला होता, कडेने तेल सुटले होते आणि आमच्या एका मावशींनी एक घास घेऊन ‘गोड सांजा आहे का गं हा?’ असे विचारून वाटी हळूच बाजूला सरकवली होती. त्या एका पातेल्यात तीन चुका होत्या: दाणे भाजलेले नव्हते, मेयोनीज गरम पास्त्यावर पडले होते, आणि आंबट-खारटाचा हात आखडता होता. पुढची सगळी कृती या तीन चुका टाळण्यासाठीच आहे असे समजले तरी चालेल.

सहा माणसांना पोटभर पुरेल इतक्या सॅलडासाठी मध्यम आकाराची ५ कणसे आणि २०० ग्रॅम कोरडा पास्ता घ्यावा. शिजून पास्ता दुपटीहून थोडा जास्त भरतो आणि पाच कणसांचे दाणेही साधारण तितकेच निघतात, म्हणून हे प्रमाण बरोबरीचे बसते. बहुतेक जण अर्धा किलोचे पुडके फोडून त्यात दोन कणसे टाकतात आणि मग चव लागत नाही म्हणून मेयोनीज वाढवत जातात. तसे करू नये. याखेरीज ४ मोठे चमचे मेयोनीज, अर्धी वाटी चक्का, ३ रसदार कागदी लिंबे, १०० ग्रॅम पनीर, एक लहान कांदा, एक-दोन हिरव्या मिरच्या, लसणाची एक पाकळी, मूठभर कोथिंबीर, दीड चहाचा चमचा ब्याडगी मिरचीचे तिखट, चिमूटभर जिरेपूड, दोन मोठे चमचे तेल आणि मीठ एवढेच लागते.

पनीरची तयारी आदल्या रात्री करावी लागते, म्हणून ती आधी सांगतो. कोतिहा चीज मेक्सिकोच्या मिचोआकान राज्यातल्या कोतिहा याच नावाच्या गावावरून ओळखले जाते. ते गाईच्या दुधाचे असते, मुरल्यावर कडक आणि चांगलेच खारट होते आणि उष्णतेने वितळून ताणले जात नाही. ते आपल्याकडे मिळत नाही याची खंत करू नये. पनीर हाताने बारीक कुस्करून त्याला पाऊण चहाचा चमचा मीठ आणि अर्ध्या लिंबाचा रस चोळावा, पसरट ताटलीत पातळ पसरावे आणि झाकण न ठेवता रात्रभर फ्रीजमध्ये ठेवावे. सकाळपर्यंत त्याचे पाणी आटून दाणा कोरडा आणि खारट होतो व तो सॅलडमध्ये घातल्यावर लगदा न होता सुटा राहतो. फेटा चीज मिळाले तर उत्तमच, पण त्यात मीठ भरपूर असते, म्हणून मग बाकी सॅलडात मीठ घालताना हात राखावा. पिझ्झ्यावरचे ताणले जाणारे मोझरेला चीज मात्र येथे अजिबात उपयोगाचे नाही.

आता कणीस. लक्ष्मी मंडईत किंवा दारावर येणाऱ्या गाडीवर कणीस घेताना पाला हिरवा आणि घट्ट चिकटलेला आहे ना, आणि टोकाचे केस तपकिरी झाले असले तरी आतून ओलसर आहेत ना, हे पाहावे. त्यानंतर पाला थोडा बाजूला करून एक दाणा नखाने दाबावा: दुधासारखा पांढरा रस आला तर कणीस नेमके तयार आहे, नुसते पाणी आले तर ते कोवळे आहे आणि कणकेसारखा घट्ट गर आला तर ते निबर झाले आहे. देशी मका आणि स्वीट कॉर्न यांतले काय घ्यावे, हा प्रश्न नेहमी येतो. मेक्सिकोतल्या रस्त्यावरचा मका आपल्या देशी मक्यासारखा, म्हणजे कमी गोड आणि पिठूळ असतो. परंतु देशी कणीस थंड झाल्यावर चिवट लागते आणि थंड सॅलडात ते दाताला जाणवते. म्हणून नवशिक्यांनी स्वीट कॉर्नच घ्यावे आणि त्याचा गोडवा लिंबाने व मिठाने तोलावा. हात बसल्यावर दोन देशी आणि तीन गोड कणसे असा मेळ करून पाहण्यासारखा आहे. मला स्वतःला तोच आवडतो. कणीस आणले की त्याच दिवशी वापरावे, कारण खुडल्यापासून दाण्यातल्या साखरेचे पिष्ट होऊ लागते आणि उन्हाळ्यात ते अधिक वेगाने होते. बिगरहंगामात गोठवलेले दाणे चालतात, पण ते पूर्ण वितळवून, स्वच्छ पंचावर पसरून कोरडे केल्याशिवाय भाजायला घेऊ नयेत.

भाजण्यामागचे कारण एकदा समजले की हात चुकत नाही. दाण्यात पाणी आहे तोवर त्याचे तापमान उकळत्या पाण्याच्या वर फारसे जात नाही. वरचे पाणी उडाले की मगच साखर करपते, रंग तांबूस होतो आणि जो खमंगपणा आपण निखाऱ्यावरच्या कणसात शोधतो तो तयार होतो. उकडलेल्या दाण्याला तो कधीच येत नाही. आपल्याकडे हुरड्याची आगटी पेटवून ज्वारीची कणसे भाजतात, त्याची गोडी ज्याने चाखली आहे त्याला ही गोष्ट शब्दांत सांगण्याची गरज नाही.

घरी शेगडी आणि कोळसा असेल तर त्याला तोड नाही. गॅसवर करायचे असेल, तर पाला आणि केस काढलेले कणीस पापड भाजायच्या जाळीवर, मध्यम आचेवर ठेवावे आणि दर मिनिटाला थोडे फिरवावे. आठ-दहा मिनिटांत सगळीकडे तपकिरी आणि मधूनमधून काळे ठिपके आले पाहिजेत. सगळे कणीस काळे पडले तर ते कडू लागते, आणि नुसतेच पिवळे राहिले तर इतका उद्योग करून उपयोग नाही. मधूनच एखादा दाणा फुटून उडतो, त्यामुळे चेहरा जाळीपासून दूर ठेवावा आणि लहान मुलांना जवळ उभे करू नये.

तिसरी वाट आपल्या घरांत हमखास असलेल्या भाकरीच्या लोखंडी तव्याची आहे, आणि नवशिक्याला मी तीच सुचवेन. कच्चे दाणे आधी काढून घ्यावेत. त्यासाठी परातीत एक वाटी पालथी ठेवून तिच्यावर कणीस उभे धरावे आणि धारदार सुरीने वरून खाली कापत यावे, म्हणजे दाणे परातीतच पडतात, घरभर उडत नाहीत. सुरी बुरकुंडात खोल घालू नये, नाहीतर दाण्यासोबत टणक कूस येते. दाणे निघाल्यावर सुरीच्या पाठीने बुरकुंड खरवडले की दाट दूध निघते; ते वाटीत जपून ठेवावे, कारण ते पुढे मेयोनीजमध्ये घालायचे आहे. तवा चांगला धुरावेपर्यंत तापवावा, त्यावर चमचाभर तेल फिरवावे आणि दाणे एका थरात पसरावेत. त्यानंतर दोन मिनिटे त्यांना हात लावू नये. नवशिक्याची सर्वांत मोठी चूक येथे होते: तो उलथने घेऊन सतत परततो, दाणे एकमेकांवर चढतात, त्यांची वाफ कोंडते आणि भाजण्याऐवजी ते शिजतात. दोन मिनिटांनी एकदा उलटावे, पुन्हा दोन मिनिटे सोडावे, आणि वरून तेलाचे शिंतोडे अडवणारे जाळीचे झाकण ठेवावे. पाच कणसांचे दाणे एका तव्यावर मावत नाहीत. दोन-तीन घाणे काढावेत. भाजलेले दाणे गरम असतानाच त्यांवर चिमूटभर मीठ आणि थोडे ब्याडगी तिखट टाकून ठेवावे.

उरलेली बुरकुंडे टाकून देऊ नयेत. पास्ता शिजवायच्या पाण्यात ती सुरुवातीपासून घातली, दहा मिनिटे उकळू दिली आणि मग काढून टाकली, तर पाण्याला मक्याची मंद गोडी येते आणि ती पास्त्यात उतरते.

पास्त्याचे पुडके घेताना त्यावर ‘ड्युरम गहू’ किंवा ‘ड्युरम रवा’ असे लिहिलेले आहे ना, ते वाचून घ्यावे. आपला बन्सी गहू याच जातीचा आहे. नुसत्या मैद्याचा, सुटा मिळणारा पास्ता शिजल्यावर लगेच चिकट होतो आणि थंड सॅलडात त्याची खीर होते; खपली गव्हाच्या शेवया आणि मैद्याच्या शेवया यांत शिजल्यावर जो फरक पडतो, तोच येथे पडतो. आकार लहान आणि खोबणीचा निवडावा: मळसूत्री पीळ असलेला फुसिली किंवा शिंपल्याच्या आकाराचा. शिंपल्याच्या पोटात मक्याचे दोन-तीन दाणे आपोआप जाऊन बसतात आणि प्रत्येक घासात दोन्ही येतात, म्हणून माझा कौल त्याला. लांब स्पॅगेटी येथे नको.

दोनशे ग्रॅम पास्त्याला २ लिटर पाणी आणि २० ग्रॅम, म्हणजे एक मोठा चमचा शीग लावून, मीठ लागते. हे मीठ नवशिक्याला फार वाटते, पण त्यातले बहुतेक पाण्यातच राहते, आणि पास्त्याला आतून चव लागण्याची ही एकच वेळ आहे. नंतर वरून कितीही मीठ घातले तरी ते वरवरच राहते. पाणी खळखळ उकळल्यावरच पास्ता घालावा आणि पहिले मिनिटभर ढवळावे. गरम खायच्या पास्त्यासाठी तो किंचित कच्चट काढतात, परंतु थंड सॅलडाचा नियम वेगळा आहे: शिजलेले पिष्ट थंड झाल्यावर पुन्हा ताठर होते, शिळा भात जसा टचटचीत होतो तसे. म्हणून पुडक्यावर लिहिलेल्या वेळेपेक्षा साधारण एक मिनिट जास्त शिजवावा. एक शिंपला काढून सुरीने कापून पाहावा. मध्ये पांढरा ठिपका दिसत असेल तर अजून वेळ आहे.

गाळल्यावर पास्ता थंड पाण्याखाली धुवावा असे सगळे सांगतात, आणि सॅलडासाठी ते चुकीचेही नाही. पण ज्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही तेथे पिण्याचे दोन लिटर पाणी पास्त्यावर ओतणे जिवावर येते, आणि त्याची गरजही नसते. मसालेभातासाठी भात मोकळा करतो तसाच पास्ता मोठ्या परातीत पसरावा, त्यावर उरलेले तेल आणि एका लिंबाचा रस घालून हलक्या हाताने उलटसुलट करावा आणि पंख्याखाली ठेवावा. गरम पास्ता लिंबाचा रस आत शोषून घेतो, थंड झालेला घेत नाही. हे लिंबू आताच घालण्याचे कारण तेच. परात हाताला थंड लागेपर्यंत, म्हणजे साधारण वीस मिनिटे, मेयोनीज जवळही आणू नये. मेयोनीज म्हणजे तेलाचे बारीक थेंब पाण्यात धरून ठेवलेले मिश्रण असते. उष्णतेने ती पकड सुटते आणि तेल वेगळे होते. माझ्या भिशीच्या पातेल्याच्या कडेला साचले होते ते हेच तेल. मक्याच्या गोडीचे गाळलेले पाणी मात्र आमटीला वापरावे. त्यात मीठ आहे हे लक्षात ठेवून आमटीत वेगळे मीठ घालू नये.

तोवर ओले मिश्रण करून घ्यावे. आपल्याकडे मिळणारे बिनअंड्याचे मेयोनीज बहुधा गोडसर असते, म्हणून ते आधी बोटावर घेऊन चाखावे. घरी कच्च्या अंड्याचे मेयोनीज करण्याच्या फंदात उन्हाळ्यात पडू नये. मेयोनीज, चक्का, खरवडून ठेवलेले मक्याचे दूध, किसलेला लसूण, एका लिंबाचा रस, जिरेपूड आणि अर्धा चमचा ब्याडगी तिखट एकत्र फेटावे. चक्का श्रीखंडासाठी बांधतो तितका घट्ट असावा. पातळ दही घातले तर सॅलडच्या तळाशी पाणी सुटते. मिश्रण चमच्यावरून सावकाश ओघळेल इतके दाट हवे, आणि नुसते चाखल्यावर ते थोडे जास्तच आंबट व जास्तच खारट लागले पाहिजे, कारण पास्ता आणि गोड दाणे त्याची धार पुढे बोथट करतात.

लिंबाबद्दल एक गोष्ट सांगायला मला आवडते. मेक्सिकोत कणसावर पिळले जाणारे छोटे, पातळ सालीचे लिंबू आणि आपले कागदी लिंबू ही एकाच जातीची फळे आहेत. युरोप-अमेरिकेतल्या दुकानांत मिळणारे मोठे, बिनबियांचे हिरवे लिंबू वेगळे असते. म्हणजे या एका बाबतीत सोलापूरचे सॅलड तिकडच्या पुष्कळ स्वयंपाकघरांपेक्षा मूळ चवीच्या जवळ जाते. लिंबू आणि कोथिंबीर स्पॅनिश लोकांनी मेक्सिकोत नेली, आणि मका व मिरची पोर्तुगीजांच्या जहाजांमधून आपल्याकडे आली. मिरचीत मात्र तडजोड करावी लागते. तिकडच्या ‘चिपोतले’ मिरचीला धुराचा वास असतो, कारण ती पिकलेली हालापेन्यो मिरची धुरावून वाळवलेली असते. आपल्याला तो धूर कणसाकडून मिळतो, रंग ब्याडगीकडून, आणि झणका हवाच असेल तर चिमूटभर लवंगी तिखट घालावे.

पास्ता पूर्ण थंड झाला की मोठ्या पातेल्यात पास्ता, भाजलेले दाणे, बारीक चिरलेला कांदा आणि हिरवी मिरची घ्यावी. कांदा तिखट असेल तर चिरून पाच मिनिटे लिंबाच्या रसात ठेवावा. ओल्या मिश्रणाचे दोन भाग आता घालावेत आणि एक भाग वाटीत झाकून फ्रीजमध्ये ठेवावा. हा मागे ठेवलेला तिसरा भाग विसरू नये: पास्ता फ्रीजमध्येही ओल शोषत राहतो, आणि वाढताना कोरड्या पडलेल्या सॅलडला पुन्हा लकाकी आणण्यासाठी तोच उपयोगी पडतो. सॅलड झाकून पाऊण तास थंड करावे. वाढण्यापूर्वी राखलेले मिश्रण, निम्मे पनीर आणि कोथिंबीर घालून हलवावे आणि मग चाखावे. थंड पदार्थाची चव जिभेला मंद लागते, त्यामुळे बहुतेक वेळा आणखी अर्धे लिंबू आणि थोडे मीठ लागतेच. उरलेले पनीर, तिखट आणि काही भाजलेले दाणे वरून पेरावेत.

वरून शेंगा चटणी घालावी का, हे कोणीतरी विचारतेच. चव छान लागते, नाकारत नाही. पण चटणीतला कुटलेला लसूण आणि शेंगदाणा मक्याला पार झाकून टाकतो. ज्याला हवी त्याने स्वतःच्या वाटीत घ्यावी, सगळ्या पातेल्यात कालवू नये.

शेवटी उन्हाचे. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा ४० अंशांच्या वर असतो, आणि हे दही-मेयोनीज-पनीरचे सॅलड आहे. अशा दिवसांत ते फ्रीजबाहेर तासाभरापेक्षा जास्त ठेवू नये. पंगत लांबणार असेल तर मोठ्या परातीत बर्फ घालून त्यात पातेले बसवावे आणि थोडे थोडे वाढावे. मुलांच्या शाळेच्या डब्यात हे देऊ नये. झाकून फ्रीजमध्ये ते दोन दिवस टिकते, पण वीज बराच वेळ गेली असेल तर वास चांगला येत असला तरी टाकून द्यावे. दुसऱ्या दिवशी खाताना ते आवळून आलेले दिसेल. त्यात चमचाभर दूध, लिंबाची एक फोड आणि ताजी कोथिंबीर घालून पाच मिनिटे ठेवावे, म्हणजे शिंपले पुन्हा सुटे होतात.